शंभराला पंचवीस : शंकरपाळी, चिरोटे आणि घरचा अंदाज

दिवाळीच्या फराळात चकलीचे कौतुक होते, लाडवाला मान मिळतो. पण सर्वांत आधी तळ दिसतो तो शंकरपाळ्यांच्या डब्याचा. येता-जाता झाकण उघडावे, चार शंकरपाळी मुठीत घ्यावीत आणि पुढे जावे, असा हा पदार्थ. त्याला ना ताटाची गरज, ना पाहुण्याच्या निमित्ताची. असे असूनही अलीकडे अनेक घरांत नेमका हाच पदार्थ विकत आणला जातो. कारण विचारले तर पहिले उत्तर 'वेळ मिळत नाही' असे येते. थोडे खोलात गेल्यास दुसरे उत्तर हाती लागते : 'सासूबाई होत्या तोवर दर वर्षी घरी होत असत, आमच्या हाताला ते जमत नाही.'

हे दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. वेळेची अडचण एखाद्या रविवारी सुटू शकते. घरातून निघून गेलेले ज्ञान मात्र रविवारीही परत येत नाही. ते का जाते आणि परत कसे आणता येते, याचा शोध घेताना शंकरपाळी व चिरोटे ही दोन उदाहरणे फार उपयोगी पडतात. दोन्ही पदार्थ मैदा, तूप आणि साखर यांचेच, दोन्ही तळणीचे, आणि दोन्ही 'हाताच्या अंदाजावर' सोडून दिलेले.

अंदाज हरवतो कसा?

हाताचा अंदाज म्हणजे काही दैवी देणगी नव्हे. तीस-चाळीस वर्षे तेच पीठ, तीच परात आणि तीच कढई हाताळल्यावर हातात साठलेले ते माप असते. त्याच्या दोन मर्यादा आहेत. एक, ते माप कोठेही लिहिलेले नसते, म्हणून त्या व्यक्तीबरोबरच जाते. दुसरी मर्यादा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : अंदाज हा विशिष्ट परिमाणाला बांधलेला असतो.

एकत्र कुटुंबाच्या काळात वीस-पंचवीस माणसांचा फराळ एकदम होई. पीठ मापट्याने किंवा शेराने मोजले जाई, मोठ्या घरांत चार शेरांच्या पायलीनेही. तूप मात्र 'दिसेल एवढे' आणि दूध 'लागेल तसे'. आज चौघांच्या घरात पाव किलो मैद्याची शंकरपाळी पुरेशी होतात. चार किलो मैद्याला साधारण एक किलो तूप लागते. त्यात पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी पदार्थ बिघडत नाही. पाव किलो मैद्यात तेवढाच फरक पडला, तर पहिलाच घाणा हातचा जातो. मोठ्या परातीतील चूक पोटात घेतली जाई, लहान परातीतील चूक उघडी पडते. त्यामुळे सुनेचा हात वाईट असतो असे नाही. तिच्याकडे आलेला अंदाज तिच्या परिमाणाचा नसतो.

१९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे आली. बाजारातला शेर गेला आणि किलो आला. स्वयंपाकघरातली मूठ आणि वाटी मात्र राहिली. पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा मराठीला नवी नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या प्रमाणांनी असंख्य नवगृहिणींना हात दिला. आता त्यापुढचे पाऊल वजनाचे आहे, कारण वाटी घरोघर वेगळी असते. शिवाय एकाच वाटीत चाळलेला, भुरभुरीत मैदा कमी मावतो आणि दाबून भरलेला जास्त. वाटी तीच राहते आणि पीठ बदलते.

नाव आणि कूळ

'शंकरपाळे' या नावात शंकर ऐकू येत असला, तरी त्याचे मूळ फारसी 'शकर' म्हणजे साखर आणि 'पारा' म्हणजे तुकडा या शब्दांत आहे. उत्तर भारतात त्याचा 'शक्करपारा' झाला. तुर्कस्तानात याच अर्थाचे नाव एका वेगळ्याच, पाकात मुरवलेल्या गोड पदार्थाला आहे. मराठी जिभेने त्यातला 'शक्कर' सौम्य करून आपल्या ओळखीच्या देवाचे नाव त्याला दिले.

चिरोट्यांचे नाते दक्षिणेशी आहे. कर्नाटकात 'चिरोटी' लग्नाच्या पंगतीत पिठीसाखर आणि बदामाचे दूध घालून वाढतात. याच कन्नड प्रदेशात सोळाव्या शतकाच्या आरंभी मंगरस तिसरा या जैन कवीने 'सूपशास्त्र' हा शाकाहारी पाककलेवरील ग्रंथ पद्यात रचला आणि त्यात पिठाच्या पदार्थांना स्वतंत्र अध्याय दिला. पाककृती नोंदवून ठेवणे हे कवीलाही कमीपणाचे वाटले नव्हते, एवढे यातून निश्चित ध्यानात येते.

मोहन : तूप पिठाच्या आत

शंकरपाळी खुसखुशीत होतात ती मोहनामुळे. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळाले आणि मळणे सुरू झाले की त्यांचे चिवट धागे बनतात. पोळीला हे धागे हवेत, शंकरपाळ्यांना नकोत. तुपाचे आवरण पिठाच्या कणांवर बसले की पाणी तेथवर पूर्णपणे पोहोचत नाही, धागे आखूड राहतात आणि पदार्थ दातांखाली सहज तुटतो. तूप कमी पडले तर शंकरपाळी कडक होतात. जास्त झाले तर पिठाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि ती तेलात विरघळू लागतात. साखर प्रमाणाबाहेर गेली तरी हेच घडते.

वजनाच्या हिशेबात प्रमाण सोपे आहे. मैदा शंभर धरला तर तूप पंचवीस, साखर तीस आणि दूध तीस. पाव किलो मैद्याला तूप सुमारे ६२ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम आणि दूध ७५ ग्रॅम. त्यात चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. दर शेकडा हिशेब एकदा ध्यानात बसला की अर्धा किलो असो वा दीड किलो, आकडे आपोआप मिळतात. एवढ्या पिठातून चारशे ग्रॅमच्या आसपास शंकरपाळी होतात.

कृती अशी : दूध, साखर आणि तूप एका पातेल्यात मंद आचेवर ठेवावे. साखर विरघळली की लगेच उतरवावे. उकळत ठेवल्यास दूध आटते आणि प्रमाण बिघडते. मिश्रण कोमट झाल्यावर चाळलेला मैदा थोडा थोडा घालावा आणि दोन-तीन चमचे मैदा हाताशी राखून ठेवावा. गोळा घट्ट पण मऊसर व्हावा. पीठ एकत्र येईपर्यंतच मळावे. पुरीच्या पिठासारखे तिंबू नये. झाकून अर्धा तास ठेवावे, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा मुरतो.

नंतर गोळ्याची पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी आणि कातणाने चौकटी कापाव्यात. लाटताना कडा थोड्या भेगाळल्या तर घाबरू नये. मोहन पुरेसे असल्याची ती खूण आहे. सगळी शंकरपाळी कापण्यापूर्वी एकच तुकडा तळून पाहावा. तो तेलात सुटू लागला तर राखून ठेवलेला मैदा पिठात मिसळावा. कडक निघाला तर चमचाभर पातळ तूप हाताला लावून पीठ हलकेच एकत्र करावे. या एका तुकड्याच्या परीक्षेने पूर्ण घाणा वाचतो.

मंद आच : खरी कसोटी

प्रमाण अचूक असूनही शंकरपाळी दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, तेव्हा दोष बहुधा आचेचा असतो. दूध आणि साखर यांमुळे या पदार्थाला रंग लवकर चढतो. तेल कडकडीत असेल तर बाहेरून बदामी रंग येतो आणि आतला ओलावा तसाच राहतो. डब्यात तोच ओलावा बाहेरच्या थरापर्यंत येतो आणि खुसखुशीतपणा संपतो. उलट, तेल फारच थंड असेल तर पदार्थ कढईत जास्त वेळ राहतो, तेल पितो आणि सुटूही शकतो.

तेलाचे तापमान १५० ते १६० अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसला तरी अडत नाही. पिठाचा वाटाण्याएवढा गोळा तेलात सोडावा. तो तळाशी जाऊन, बारीक बुडबुडे काढीत, सावकाश वर आला तर तेल योग्य तापले आहे. सोडताच उसळून वर आला तर आच कमी करावी. तळाशीच बसून राहिला तर थोडे थांबावे. एक घाणा तळून निघण्यास सात ते दहा मिनिटे लागावीत.

लहान कुटुंबासाठी येथे आणखी एक सावधगिरी आहे. लहान कढईत तेल कमी असते आणि कमी तेल लवकर थंड होते. म्हणून मूठभर शंकरपाळी एका वेळी सोडावीत. कढई भरून टाकू नये. झाऱ्याने सतत पण हलक्या हाताने हलवावे. हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच काढावीत, कारण बाहेर काढल्यावरही आतील उष्णतेने रंग थोडा वाढतो.

साटा : तूप पदरांच्या मध्ये

शंकरपाळ्यांत तूप पिठाच्या आत मिसळते. चिरोट्यांत ते पदरांच्या मध्ये राहते. एवढ्या एका फरकाने त्याच साहित्यातून अगदी वेगळा पदार्थ जन्माला येतो.

मैदा २०० ग्रॅम, त्यात २५ ग्रॅम गरम तुपाचे मोहन आणि चिमूटभर मीठ. मोहन चोळल्यावर पिठाची मूठ वळून पाहावी. मुटका टिकला तर मोहन पुरेसे आहे. दूध किंवा पाणी ९० ते १०० ग्रॅम घालून घट्ट पीठ भिजवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. येथे पीठ थोडे मळलेले चालते, कारण पातळ पोळी न फाटता लाटायची असते.

साट्यासाठी ४० ग्रॅम थिजलेले तूप ताटात घेऊन हाताने फेसावे. ते पांढरेशुभ्र आणि हलके झाले की ३० ग्रॅम तांदळाची पिठी मिसळावी. तांदळाच्या पिठीत मैद्यासारखे चिवट धागे होत नाहीत. ती तुपाला जागच्या जागी धरून ठेवते आणि पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही. साटा पातळ झाला तर तूप पिठात मुरते आणि पदर नाहीसे होतात. हवा उष्ण असेल तर साटा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावा.

पिठाचे सहा गोळे करून पातळ पोळ्या लाटाव्यात. एका पोळीवर साटा पसरून दुसरी ठेवावी, तिच्यावर साटा लावून तिसरी. वरूनही साटा लावून घट्ट वळकटी करावी आणि तिचे बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान तुकडे करावेत. तुकडा कापलेली बाजू वर ठेवून दाबला तर गोल चक्राचे पदर दिसतात, आडवा ठेवून लाटला तर लांब पदर. दोन्ही चालतात, लाटणे मात्र हलके फिरवावे. जोर दिला की कष्टाने घातलेले पदर पुन्हा एक होतात.

तेलात सोडल्यावर पिठातील पाण्याची वाफ होते आणि ती पदरांना एकमेकांपासून दूर ढकलते. झाऱ्याने वरून गरम तेल सोडीत राहिले की पदर फुलासारखे उमलतात. आच मंद ते मध्यम असावी. रंग पांढरट बदामी राहावा. तळलेले चिरोटे चाळणीत उभे ठेवावेत, म्हणजे पदरांतले तेल निथळते. कोमट असताना पिठीसाखर भुरभुरवावी. साट्याच्या करंज्यांनाही हाच नियम लागू आहे. चिरोटे जमले की त्या निम्म्या जमल्यातच जमा.

थोडे करावे, ताजे खावे

तळलेले पदार्थ पूर्ण थंड झाल्यावरच कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावेत. कोमट पदार्थ भरल्यास वाफ झाकणाला धरते आणि सगळा डबा मऊ पडतो. तुपाला व तेलाला खवट करणारी तीन कारणे म्हणजे हवा, उजेड आणि उष्णता. म्हणून पारदर्शक बरणी शोभेची असली तरी साठवणीला डबा बरा.

जैन घरांत साठवणीचा विचार केवळ चवीपुरता नसतो. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा थंडीत ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस अशी सांगितली जाते. श्वेतांबर घरांतही मिठाईचा काळ ऋतूप्रमाणे मोजतात. पीठ चाळून घेणे, पाणी गाळून वापरणे आणि तळण दिवसाउजेडी आटोपणे ही शिस्त तर पूर्वापार आहे. ज्यांना ताजे दळलेले पीठच चालते, त्यांनी कणीक दोनदा बारीक चाळून शंकरपाळी करावीत. कणीक मैद्यापेक्षा अधिक दूध पिते, म्हणून दूध शंभराला पस्तीसपर्यंत न्यावे. रंग थोडा गडद येतो, चव खमंग लागते.

या मर्यादा पाळायच्या तर एकदाच डबे भरून ठेवण्याची पद्धत गैरसोयीची ठरते. पाव किलोचा घाणा आठवडाभरात संपतो आणि पुन्हा करता येतो. लहान कुटुंबाची गरज आणि मर्यादेचा नियम, दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात. वजनाचे प्रमाण हाती असेल तरच हे शक्य होते.

घरी केल्याने पैसे वाचतील, असे मात्र गृहीत धरू नये. साजूक तुपातील घरची शंकरपाळी बाजारातील शंकरपाळ्यांपेक्षा स्वस्त पडतीलच असे नाही. लाभ वेगळा आहे : तूप कोणते आणि तेल कितव्यांदा तापलेले, हे घरच्या माणसाला ठाऊक असते. खाद्यतेल व वनस्पती तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली आहे. वारंवार तापवलेल्या तेलासाठीही अन्न व्यावसायिकांना नियम आहेत : तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते तेल वापरायचे नाही. घरात एवढे मोजमाप नको. पाव किलो मैद्याला लहान खोलगट कढईत अर्धा लिटर तेल पुरते. उरलेले तेल गाळून ठेवावे, दोन-चार दिवसांत फोडणीला संपवावे आणि पुन्हा तळणाला घेऊ नये.

मुठीचे वजन

ज्यांच्या घरी आजही एखाद्या आजींचा हात चालतो, त्यांनी हे काम या दिवाळीतच करावे. आजींना 'किती घेता?' असे विचारून उपयोग नाही. 'लागेल तेवढे' हेच उत्तर मिळेल, आणि ते खरेही असते. त्याऐवजी स्वयंपाकघरातला छोटा काटा ओट्यावर ठेवावा. तुपाचे भांडे काम सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तोलावे. वजातील फरक म्हणजे आजींचा अंदाज. पिठाचे, साखरेचे, दुधाचे तसेच. त्यांच्या हाताला थांबवू नये, फक्त नोंद करावी. लाटलेल्या पोळीची जाडी मोजपट्टीने पाहावी, एका घाण्याला किती मिनिटे लागली ते घड्याळात पाहावे.

मग मैदा शंभर धरून बाकीचे आकडे काढावेत. कोणाच्या घरी तूप बावीस निघेल, कोणाच्या तीस. साखर कोठे पंचवीस, कोठे पस्तीस. वर दिलेले प्रमाण हा एक मध्यम मार्ग आहे. घरची चव म्हणजे त्यापासूनचा तो दोन-चार आकड्यांचा फरक. तो फरक लिहून ठेवला नाही, तर पुढच्या पिढीला तो दुकानाच्या पुडीत सापडणार नाही.

नोंदीसाठी एक पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. वर पदार्थाचे नाव आणि ज्यांच्या हाताचे प्रमाण आहे त्यांचे नाव. खाली तारीख, चार वजने, जाडी आणि वेळ. एक प्रत घरी ठेवावी, एक सासरी गेलेल्या लेकीला आणि एक परगावी शिकणाऱ्या नातवाला पाठवावी. पहिला घाणा त्यांचाही थोडा कडक होईल. दुसऱ्या वेळी तूप दोन आकड्यांनी वाढवायचे, हे मात्र त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही.